अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे छायाचित्रण : छायाचित्रोत्तर संस्करण आणि निष्ठेचा प्रश्न

सारांश

छायाचित्र घेतल्यानंतर त्यावर केल्या जाणाऱ्या प्रक्रियेविषयी दोन टोकांची मते आढळतात. एका मतानुसार अशी प्रक्रिया म्हणजे सत्याशी केलेली छेडछाड होय. दुसऱ्या मतानुसार तो छायाचित्रकाराच्या अभिरुचीचा भाग असून त्याला नियम लावता येत नाहीत. प्रस्तुत लेखात ही दोन्ही मते अपुरी असल्याचे अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या छायाचित्रणाच्या आधारे दाखविले आहे. संस्करणाशिवाय छायाचित्र अस्तित्वातच येत नाही. त्यामुळे 'संस्करण केले की नाही' हा प्रश्न गैरलागू ठरतो. ते कोणाशी निष्ठा ठेवून केले, मूळ नोंद जतन केली का आणि केलेले बदल वाचकाला सांगितले का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. लेखाच्या अखेरीस महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी एक साधी कार्यपद्धती सुचविली आहे.

बीजशब्द : छायाचित्रण, संस्करण, डार्करूम, रॉ फाईल, अजिंठा, भित्तिचित्र, जतन, निष्ठा.

प्रस्तावना

कॅमेऱ्याने टिपले ते खरे, अशी सर्वसामान्य समजूत आहे. या समजुतीमुळेच छायाचित्राला न्यायालयात पुरावा म्हणून, वृत्तपत्रात साक्ष म्हणून आणि संशोधनात दस्तऐवज म्हणून स्थान मिळाले. मात्र संगणकावरील संस्करणाची साधने सर्वांच्या हाती आल्यापासून या समजुतीला तडा गेला आहे. एखादे छायाचित्र फार सुंदर दिसले की 'हे एडिट केलेले असणार' अशी प्रतिक्रिया उमटते आणि तिच्यात शंकेचा सूर असतो.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली अजिंठ्याची तीस लेणी आहेत. १९८३ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इतिहास, कला, पर्यटन आणि वृत्तपत्रविद्या या विषयांचे विद्यार्थी दरवर्षी शैक्षणिक सहलींतून तेथे जातात, छायाचित्रे घेतात आणि ती आपल्या प्रकल्पांत वापरतात. बाजारातील पोस्टकार्डे आणि महाजालावरील प्रतिमा यांतून पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीची अनेक रूपे त्यांच्यासमोर येतात. कोठे त्याची कांती नारिंगी, कोठे तपकिरी, तर कोठे सोनेरी दिसते. यांपैकी खरा पद्मपाणी कोणता, या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला देता आले पाहिजे.

लेखाची उद्दिष्टे

१. छायाचित्रोत्तर संस्करणाची संकल्पना व तिची पूर्वपरंपरा स्पष्ट करणे.
२. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या संदर्भात संस्करणातील प्रमुख टप्पे समजावून सांगणे.
३. संस्करणाच्या मर्यादा ठरविण्यासाठी निकष मांडणे.
४. महाविद्यालयीन अध्यापनासाठी उपयुक्त अशी कार्यपद्धती सुचविणे.

१. संस्करण : संकल्पना व परंपरा

छायाचित्रकाराच्या व्यवहारात 'एडिटिंग' हा शब्द दोन वेगळ्या क्रियांसाठी वापरला जातो. पहिली क्रिया निवडीची होय. घेतलेल्या अनेक छायाचित्रांतून कोणते ठेवायचे आणि कोणते बाजूला सारायचे, हे तीत ठरते. दुसरी क्रिया निवडलेल्या छायाचित्राचा उजेड, रंग, छाया-प्रकाशातील अंतर, चौकट आणि स्पष्टता यांवर काम करण्याची होय. या दुसऱ्या क्रियेला प्रस्तुत लेखात 'संस्करण' असे म्हटले आहे.

संस्करण संगणकाबरोबर आले, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये एन्लार्जरखाली कागद ठेवून त्याच्या काही भागावर हाताने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने सावली धरली जाई; तो भाग उजळ राही. उलट काही भागाला अधिक वेळ प्रकाश दिला जाई. तो भाग गडद होई. कागदाची ग्रेड बदलून छाया-प्रकाशातील अंतर कमी-अधिक केले जाई. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने 'टचिंग' करून चेहऱ्यावरील डाग व सुरकुत्या मवाळ करणे हे तर मराठी गावांतील स्टुडिओंचे रोजचे काम होते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी निगेटिव्हची तुलना संगीतकाराने लिहून ठेवलेल्या स्वरलिपीशी आणि प्रिंटची तुलना तिच्या प्रत्यक्ष सादरीकरणाशी केली होती. स्वतः पियानोवादक असलेल्या ॲडम्स यांची ही उपमा नेमकी आहे. स्वरलिपी एकच असली तरी सादरीकरण दरवेळी नव्याने करावे लागते.

स्टुडिओतील टचिंगला कोणी फसवणूक म्हटले नाही, कारण त्याचा हेतू सर्वांना ठाऊक होता. लग्नाच्या करिझ्मा अल्बममधील बदललेली पार्श्वभूमीही याच कारणाने कोणाला खटकत नाही. याउलट 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर गिझा येथील पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकविण्यात आले, तेव्हा मोठी टीका झाली. फोटोशॉपची पहिली आवृत्ती त्यानंतर आठ वर्षांनी, १९९० मध्ये आली. बदल किरकोळ होता. परंतु वाचकाने ते छायाचित्र साक्ष म्हणून स्वीकारले होते. यावरून असे दिसते की, संस्करणाची मर्यादा केवळ तंत्रावरून ठरत नाही. छायाचित्र पाहणाऱ्याशी कोणता करार झालेला आहे, यावर ती अवलंबून असते. अजिंठ्याच्या बाबतीत हा करार अधिकच गंभीर आहे, कारण तेथे छायाचित्राचा विषयच झिजत चाललेला आहे.

२. अजिंठ्याची भिंत : प्रतींचा आणि व्हार्निशचा इतिहास

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या प्रती करण्याच्या कामी नेमणूक केली. मराठी वाचकाला गिल परिचित आहेत ते ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेमुळे. गिल यांनी जवळजवळ वीस वर्षे तैलरंगात प्रती केल्या. लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या या प्रतींपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरमधील आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रती केल्या. त्यांपैकीही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. लेडी हेरिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली १९०९ ते १९११ दरम्यान तिसरा प्रयत्न झाला. त्यात नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण भारतीय चित्रकार सहभागी होते.

या इतिहासातील एक बाब संस्करणाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. प्रती करताना चित्रे उजळ दिसावीत म्हणून भिंतींवरील मूळ रंगांवर व्हार्निशचे हात देण्यात आले. त्यानंतर १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू लागलेले रंग व गिलावा त्यांनी पक्का केला आणि चित्रांचे आयुष्य वाढविले. मात्र या कामात शेलॅकचा, म्हणजे चपडा लाखेच्या व्हार्निशचा वापर झाला. सुरुवातीस चित्रे उजळली. काळाच्या ओघात शेलॅक पिवळे-तपकिरी पडले, त्यावर धूळ व काजळी बसली आणि रंग झाकोळले. ते काढण्याचे काम पुढील पिढ्यांतील पुरातत्त्व-रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले. १९९९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने नवव्या व दहाव्या लेण्यांत अशा थरांखालील चित्रे पुन्हा दृश्यमान करण्याचे काम केले आहे.

आजच्या भाषेत बोलायचे तर हे मूळ फाईलवरच केलेले संस्करण होते. तेथे मागे फिरण्याची सोय नव्हती. हेतू चांगला असूनही केवळ 'अधिक स्पष्ट दिसावे' या इच्छेपोटी मूळ वस्तूत बदल झाला आणि तो पुसण्यास शतक अपुरे पडले. संगणकावरील संस्करणाचा सर्वांत मोठा फायदा येथे लक्षात येतो. भिंतीला हात न लावता केवळ तिच्या प्रतिमेवर काम करता येते. अर्थात, मूळ प्रतिमा सुरक्षित ठेवली तरच हा फायदा खरा ठरतो.

३. कॅमेरा आणि लेण्यांतील अंधार

गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह त्यांची छायाचित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. परंतु या छायाचित्रांचा भर वास्तू व शिल्प यांवर आहे. रंगीत भित्तिचित्रे टिपण्यास त्या काळचे तंत्र समर्थ नव्हते. कोलोडियनची काच ओली असेपर्यंतच, म्हणजे काही मिनिटांतच काम उरकावे लागे; लेण्यांतील अंधारात तेवढा अवधी अपुरा होता. शिवाय या रसायनाला निळा प्रकाश चटकन जाणवे, तांबडा व पिवळा जवळजवळ जाणवत नसे. अजिंठ्याच्या रंगपटलावर तर गेरूचा तांबडा आणि पिवळी माती यांचेच वर्चस्व आहे. त्यांच्या जोडीला हिरवी माती, काजळीचा काळा, पांढरी माती व चुना आणि मोजक्या ठिकाणी राजावर्ताचा निळा रंग येतो. अशा चित्राचे त्या काचेवर छायाचित्र घेतले असते, तर गेरूची कांती काळी आणि निळे कमळ पांढरे उमटले असते. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी काच १९०६ च्या सुमारास बाजारात आली, तेव्हाही भिंगापुढे तांबडी काच लावली की गेरू उजळ आणि हिरवी काच लावली की गडद दिसे. म्हणजे छायाचित्रकाराचा हस्तक्षेप बटण दाबण्यापूर्वीच सुरू होत असे.

गुलाम याझदानी यांनी संपादित केलेला 'अजंता' हा ग्रंथ १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ असा चार भागांत प्रसिद्ध झाला. त्यातील रंगीत व एकरंगी चित्रे छायाचित्रणावर आधारलेली असल्याचे ग्रंथाच्या शीर्षकातच नमूद आहे. प्रत कशी तयार झाली हे वाचकाला आरंभीच सांगण्याचा हा प्रामाणिकपणा उल्लेखनीय आहे. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे टाळून अत्यंत मंद प्रकाशात दीर्घ अवधीची छायाचित्रे घेतली. १९९८ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भिंतींवर एका बाजूने पडणाऱ्या प्रखर प्रकाशात गिलाव्याचा खडबडीतपणा आणि व्हार्निशची चकाकी पुढे येते व चित्र मागे पडते. मंद, समान प्रकाशात कोपऱ्यांतील रंगही बोलू लागतात. यावरून उत्तम संस्करणाची पहिली पायरी उत्तम नोंद ही होय, हे सिद्ध होते. मुळात न नोंदलेली गोष्ट संगणकावर निर्माण करता येत नाही. तिचा केवळ आभास निर्माण करता येतो.

४. रॉ फाईल ते अंतिम प्रतिमा

डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदक प्रत्यक्षात रंग पाहत नाही. तो फक्त प्रकाशाचे प्रमाण मोजतो. त्याच्या सूक्ष्म घटकांवर हिरव्या, तांबड्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसविलेली असते. बहुसंख्य कॅमेऱ्यांत निम्मे घटक हिरव्या, एक चतुर्थांश तांबड्या आणि एक चतुर्थांश निळ्या गाळणीखाली असतात. उरलेले रंग शेजारच्या घटकांवरून गणिताने काढले जातात. या कच्च्या नोंदीला 'रॉ फाईल' म्हणतात. विद्यार्थी ज्याला 'काहीही न केलेले छायाचित्र' म्हणतात ती जेपेग फाईल असते. तिच्यातील उजेड, रंग व धार कॅमेऱ्याच्या निर्मात्याने आधीच ठरवून दिलेल्या सूत्राप्रमाणे तयार झालेली असते. मोबाईलमध्ये तर हे काम अधिकच आक्रमकपणे होते. सारांश, संस्करण न केलेले छायाचित्र नसते. फार तर ते संस्करण दुसऱ्याने केलेले असते.

(अ) उजेडाची नोंद : जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, बारा बिटच्या रॉ फाईलमध्ये ४०९६ आणि चौदा बिटच्या फाईलमध्ये १६३८४ पायऱ्या मिळतात. मात्र त्यांची वाटणी समान नसते. बारा बिटच्या फाईलमधील सर्वांत उजळ एका स्टॉपला २०४८, त्याखालच्या स्टॉपला १०२४ आणि पाचव्या स्टॉपला केवळ १२८ पायऱ्या उरतात. अंधाऱ्या लेण्यात कमी प्रकाश देऊन घेतलेले छायाचित्र नंतर उजळविले की सावलीत ठिपके आणि रंगांचे पट्टे दिसतात, याचे हे एक प्रमुख कारण होय. चित्रांच्या संरक्षणासाठी तेथे फ्लॅश वापरण्यास बंदी आहे आणि ट्रायपॉडसाठी परवानगी घ्यावी लागते. पूर्वपरवानगीने ट्रायपॉड वापरून दीर्घ अवधीची नोंद घेणे हाच शास्त्रीय मार्ग ठरतो.

(आ) व्हाइट बॅलन्स : भर दिवसाचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विन, तर टंगस्टन दिव्याचा प्रकाश सुमारे ३२०० केल्विन मानला जातो. लेण्याच्या दारातून येणारा दिवसाचा प्रकाश आणि आतील दिवे एकाच भिंतीवर मिसळले, तर एकच रंग दोन ठिकाणी दोन प्रकारे उमटतो. यासाठी चोवीस चौकटींची प्रमाणित रंगपट्टी चित्राला स्पर्श न करता त्याच्याइतक्याच प्रकाशात धरून एक स्वतंत्र छायाचित्र घ्यावे लागते. त्या पट्टीवरून इतर छायाचित्रांचे रंग सुधारता येतात. पट्टीशिवाय केलेली रंगसुधारणा ही आठवणीवर विसंबलेली असते आणि रंगाची आठवण फसवी असते.

(इ) छाया-प्रकाशातील अंतर : विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पत्रज, ऐरिक आणि बिंदुज अशा तीन वर्तना, म्हणजे छटा देण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत. अजिंठ्याच्या आकृतींना आलेला गोलावा अशाच हळुवार छटांतून आलेला आहे. संगणकावर 'कॉन्ट्रास्ट' वाढविला की चित्र उठावदार दिसते, परंतु गालावरून हनुवटीकडे उतरत जाणारी वर्तना तुटते आणि आकृती सपाट होते. म्हणजे जे वैशिष्ट्य दाखविण्यासाठी छायाचित्र घेतले, तेच संस्करणात नाहीसे होते.

(ई) धार आणि ठिपके : धार वाढविणाऱ्या साधनांनी भेगा व पापुद्रे ठळक होतात आणि चित्र आहे त्याहून अधिक जीर्ण भासते. उलट ठिपके काढणाऱ्या साधनांचा अतिरेक झाल्यास केसांच्या बटा आणि मोत्यांच्या सरी यांतील बारीक रेषा पुसल्या जातात. दोन्ही प्रकारांत भिंतीच्या स्थितीविषयी चुकीची माहिती दिली जाते.

(उ) व्हार्निशचा पिवळेपणा : हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. पिवळ्या पडलेल्या शेलॅकखालील चित्र मूळ रंगात दाखविण्यासाठी संपूर्ण प्रतिमेचा कल निळ्याकडे नेला, तर पांढरा रंग पांढरा दिसू लागतो. परंतु त्याच वेळी चित्रकाराने खरोखरच वापरलेली पिवळी माती करडी होते. व्हार्निशचा पिवळा कोणता आणि चित्रकाराचा पिवळा कोणता, हे संगणकाला कळत नाही. त्यासाठी रसायनतज्ज्ञांनी स्वच्छ केलेला भाग आणि न केलेला भाग यांची तुलना आवश्यक ठरते. या ठिकाणी छायाचित्रकाराला पुरातत्त्वज्ञाची व रसायनशास्त्रज्ञाची मदत घ्यावी लागते. संस्करण हे बहुविद्याशाखीय काम आहे ते याच अर्थाने.

५. तीन प्रकारच्या निष्ठा

वरील टप्प्यांवरून असे लक्षात येते की, प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यावा लागतो आणि तो निर्णय कशाशी तरी प्रामाणिक राहण्यासाठी घेतला जातो. अजिंठ्याच्या संदर्भात अशा तीन निष्ठा सांगता येतील.

पहिली निष्ठा भिंतीशी. आज, या दिवशी भिंत जशी आहे तशी नोंदविणे हा येथे हेतू असतो. पिवळेपणा, काजळी, भेगा, पूर्वीची डागडुजी हे सर्व माहितीचे भाग असतात. पद्मपाणीच्या चित्रावरील प्रत्येक पोपडा दिसला पाहिजे, कारण दहा वर्षांनंतर तो वाढला की नाही हे याच छायाचित्रावरून ठरणार असते. जतनाच्या कामासाठी ही निष्ठा अनिवार्य आहे.

दुसरी निष्ठा डोळ्याशी. मनुष्याचा डोळा अंधाराला सरावतो आणि एकाच वेळी उजळ व गडद भाग पाहू शकतो. कॅमेऱ्याला ते तितके साधत नाही. लेण्यात काही काळ उभे राहिल्यानंतर प्रेक्षकाला जे दिसते, त्याच्या जवळ जाणारी प्रतिमा तयार करणे हा येथे हेतू असतो. सावल्या थोड्या उजळविणे, प्रकाशाचा असमानपणा कमी करणे एवढेच येथे अभिप्रेत आहे. पाठ्यपुस्तके, व्याख्याने व प्रदर्शने यांसाठी हे रूप योग्य ठरते.

तिसरी निष्ठा चित्रकाराशी. चित्र पूर्ण झाले तेव्हा कसे दिसत असेल, याची पुनर्रचना करणे हा येथे हेतू असतो. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अनेक वर्षे अजिंठ्याच्या चित्रांचे छायाचित्रण करून त्यांतील पुसट व नष्ट भाग संगणकावर पुन्हा साकारण्याचे काम केले आहे. अशा कामातून सामान्य प्रेक्षकाला मूळ वैभवाची कल्पना येते. मात्र हे रूप अभ्यासावर आधारलेले अनुमान असते, भिंतीची नोंद नसते, हे भान ठेवावे लागते.

या तिन्ही निष्ठा आपापल्या जागी योग्य आहेत. दोष निर्माण होतो तो एका निष्ठेने केलेले छायाचित्र दुसरीच्या नावाने पुढे केल्यावर. बाजारातील नारिंगी पद्मपाणी यांपैकी कोणत्याच निष्ठेत बसत नाही. तो केवळ विक्रीसाठी भडक केलेला असतो, पण विद्यार्थी त्याला पहिल्या प्रकारातील समजतो.

६. जेथे अनुमान सुरू होते

१९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तूंच्या जीर्णोद्धाराविषयी दोन तत्त्वे सांगितली आहेत. अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धाराने थांबले पाहिजे, हे पहिले तत्त्व. नव्याने भरलेला भाग मुळाशी सुसंवादी असावा, पण मुळापासून वेगळा ओळखता यावा, हे दुसरे. रोम येथील केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेत १९४० च्या दशकात विकसित झालेल्या 'त्रात्तेज्जो' पद्धतीत चित्रातील रिकाम्या जागा बारीक उभ्या रेषांनी भरल्या जातात. दुरून पाहता चित्र सलग दिसते. जवळ गेल्यावर भरलेला भाग ओळखू येतो. सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय दृश्यांकनासाठी २००६ मध्ये तयार झालेली लंडन सनदही पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते हे नोंदविण्याचा आग्रह धरते.

छायाचित्राच्या संस्करणाला ही तत्त्वे जशीच्या तशी लागू करता येतात. फोटोशॉपमध्ये १९९४ पासून 'लेयर'ची सोय आहे. पुनर्रचित भाग वेगळ्या लेयरवर ठेवला की तो केव्हाही काढून मूळ भिंत पाहता येते. हा संगणकातील त्रात्तेज्जोच म्हणता येईल. परंतु २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रिकामी जागा क्षणात भरून देणारी साधने याच प्रणालीत उपलब्ध झाली आहेत. ही साधने हजारो इतर चित्रांवरून 'शोभेल असे' काहीतरी तयार करतात. पडलेल्या गिलाव्याच्या जागी ती एखादा मुकुट किंवा हात रेखाटतील आणि तो पटण्याजोगाही असेल. पण त्याला अजिंठ्याचा कोणताही पुरावा नसेल. ढोबळ चूक लगेच ओळखू येते. पटण्याजोगी चूक मात्र संदर्भग्रंथांत शिरते आणि पुढील संशोधनाचा आधार बनते. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या प्रती आगीत जळाल्या, हे नुकसान निदान सर्वांना माहीत आहे. खऱ्या चित्राची जागा खोट्या प्रतिमेने घेतली, तर ते नुकसान कोणाच्या लक्षातही येणार नाही.

७. महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी कार्यपद्धती

विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटी व लघुप्रबंध यांसाठी पुढील कार्यपद्धती अवलंबिता येईल. तिला महागडी साधने लागत नाहीत. शिस्त मात्र लागते.

१. शक्य तेथे रॉ फाईल घ्यावी. ते शक्य नसल्यास मूळ जेपेग फाईलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे.
२. मूळ फाईली किमान दोन वेगळ्या ठिकाणी साठवाव्यात व त्यांची मूळ नावे बदलू नयेत.
३. प्रत्येक भिंतीसाठी रंगपट्टीचे, तिच्या अभावी निदान करड्या कार्डाचे एक छायाचित्र घ्यावे.
४. लेणे क्रमांक, भिंतीची बाजू, दिनांक, वेळ व प्रकाशाचा प्रकार वहीत नोंदवावा.
५. केलेला प्रत्येक बदल एका ओळीत लिहून ठेवावा. २००७ मध्ये आलेल्या लाइटरूमसारख्या प्रणाली मूळ फाईल न बदलता ही नोंद आपोआप ठेवतात. इतर ठिकाणी ती हाताने ठेवावी.
६. छायाचित्राखालील ओळीत निष्ठेचा प्रकार स्पष्ट लिहावा. उदाहरणार्थ, 'स्थितिदर्शक नोंद', 'प्रकाश समतोल केलेली प्रतिमा' किंवा 'अनुमानाधारित पुनर्रचना'.
७. महाजालावरून घेतलेल्या प्रतिमेचा निर्माता व संस्करणाचा प्रकार माहीत नसेल, तर ती रंगाविषयीच्या विधानाचा पुरावा म्हणून वापरू नये.

यांतील सहावा मुद्दा सर्वांत सोपा असूनही सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. संदर्भसूचीत एका पृष्ठक्रमांकाची चूक दाखवून देणारे मार्गदर्शक प्रबंधातील छायाचित्राखाली केवळ 'पद्मपाणी, अजिंठा' एवढेच लिहिलेले पाहून पुढे जातात. उद्धृत मजकुरात परस्पर बदल करणे आपण गैर मानतो. उद्धृत प्रतिमेलाही तोच नियम लावणे क्रमप्राप्त आहे.

निष्कर्ष

१. संस्करण हा छायाचित्रणाचा अंगभूत भाग असून तो डार्करूमच्या काळापासून, किंबहुना काच व रसायन यांच्या निवडीपासून चालत आलेला आहे.
२. संस्करणाची योग्यता केवळ तंत्रावरून ठरत नाही. छायाचित्राचा हेतू आणि पाहणाऱ्याशी असलेला करार यांवरून ती ठरते.
३. अजिंठ्याच्या छायाचित्रणात भिंतीशी, डोळ्याशी व चित्रकाराशी अशा तीन निष्ठा संभवतात. त्यांची सरमिसळ दिशाभूल करणारी ठरते.
४. व्हार्निशचा इतिहास मूळ वस्तूवर केलेल्या संस्करणाचे धोके दाखवितो. म्हणून मूळ फाईलचे जतन ही संस्करणाची पहिली अट होय.
५. पुरावा व अनुमान यांतील सीमारेषा दृश्य ठेवणे ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात अधिकच निकडीची जबाबदारी झाली आहे.

समारोप

अजिंठ्याच्या चित्रकारांनी आपली नावे चित्रांजवळ ठेवली नाहीत. त्यांच्या वतीने बोलण्याचे काम आता बऱ्याच अंशी छायाचित्रांवर येऊन पडले आहे. चित्रांच्या सुरक्षिततेसाठी प्रेक्षकाला भिंतीपासून दूरच राहावे लागते, आणि ज्यांना अजिंठ्यापर्यंत जाता येत नाही त्यांच्यासाठी तर छायाचित्र हाच अजिंठा असतो. अशा वेळी छायाचित्रकाराने संस्करण करू नये, अशी अपेक्षा अवास्तव आहे. त्याने काय केले ते सांगावे, मूळ नोंद शाबूत ठेवावी आणि जे ठाऊक नाही ते रंगवून दाखवू नये, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. ती शिस्त विद्यार्थ्याच्या अंगी बाणविण्याची जागा महाविद्यालयाचा वर्ग हीच होय.